बाक बसवायला सात महिने

पॅरिश म्हटलं की वसई-गोव्याकडच्या माणसाला धर्मग्राम आठवतो: चर्च, फादर, सणाची मिरवणूक. इंग्लंडमधल्या पॅरिश कौन्सिलचा चर्चशी असा संबंध १८९४ सालीच सुटला. त्या वर्षीच्या कायद्याने गावाचा ऐहिक कारभार चर्चच्या जुन्या सभेकडून काढून लोकांनी निवडलेल्या मंडळाकडे दिला. चर्चची स्वतःची परिषद वेगळी आहे. नावं इतकी सारखी की वर्षातून दोन-चार पत्रं अजूनही चुकून एकमेकांकडे जातात. गवत वाढल्याची तक्रार त्यांच्याकडे, छप्पर गळल्याची आमच्याकडे, म्हणजे पॅरिश कौन्सिलकडे.

आमचं गाव ६४० मतदारांचं. सात सदस्य, त्यांना मानधन नाही. एक क्लार्क, आठवड्याचे आठ तास पगारी. क्लार्कला सचिव, रोखपाल, टपाली आणि कायद्याचं पुस्तक, असं सगळंच व्हावं लागतं. आपल्याकडचा ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा माणूस असतो. इथला क्लार्क थेट पॅरिश कौन्सिलचा नोकर. म्हणजे ज्यांना 'हे नियमात बसत नाही' असं सांगायचं, पगारही त्यांच्याच ठरावाने निघतो.

कारभार कसा चालतो ते एका बाकावरून सांगणं सोपं जाईल. बसथांब्याजवळच्या लाकडी बाकाची बसायची फळी कुजली होती. सप्टेंबरमधल्या एका शुक्रवारी गावातल्या एका रहिवाशाचा ई-मेल आला. सभा दुसऱ्या मंगळवारी, म्हणजे चारच दिवसांवर. बाक बसला एप्रिलमध्ये. मधले सात महिने कोणी आळस केला नाही.

पहिला महिना गेला तो विषयपत्रिकेमुळे. आपल्याकडच्या सभांच्या पत्रिकेत शेवटी एक सोयीची ओळ असते, 'आयत्या वेळी येणारे विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने.' इथे ती सोय नाही. सदस्यांना पाठवलेल्या बोलावण्यात जो विषय लिहिलेला नाही, त्यावर कौन्सिलला कायदेशीर निर्णय घेता येत नाही. चर्चा करा, माहिती द्या, पण हात वर करून ठराव नाही. शुक्रवारी ई-मेल आला तेव्हा पत्रिका बुधवारीच गावातल्या सूचनाफळ्यावर लागली होती. बाक ऑक्टोबरवर गेला.

पत्रिका सभेच्या आधी 'तीन पूर्ण दिवस' लागलेली हवी, आणि हे मोजतानाच नवे क्लार्क हमखास चुकतात. नोटीस लावल्याचा दिवस धरायचा नाही, सभेचा दिवस धरायचा नाही. रविवार आणि सार्वजनिक सुट्टी धरायची नाही. शनिवार मात्र धरायचा. मंगळवारच्या सभेसाठी मागे मोजत जा: सोमवार एक, रविवार सोडला, शनिवार दोन, शुक्रवार तीन. म्हणजे गुरुवारी नोटीस लागलीच पाहिजे. मे महिन्यात पहिल्या सोमवारी सुट्टी असते, तेव्हा हिशोब एक दिवस आणखी मागे सरकतो आणि गुरुवारची नोटीस बाद ठरते. नोटीस उशिरा लागली तर त्या सभेतले सगळे निर्णय आव्हान देण्याजोगे होतात, कंत्राटंसुद्धा. म्हणून आम्ही बुधवारी लावतो. एक दिवस हाताशी राहतो.

संकेतस्थळ आहेच, पण कायद्याला गावातली ठळक जागा लागते, म्हणून फळा महत्त्वाचा. आमचा फळा ॲल्युमिनियमच्या चौकटीचा, काचेच्या दाराचा. हिवाळ्यात आतून दव धरतं आणि इंकजेट प्रिंटरची शाई ओघळून तारखेचा आकडा पुसट होतो. लेझर प्रिंटरवर काढलेला कागद टिकतो. टाचण्या गंजतात आणि कागदावर तपकिरी ठिपके पडतात. लोहचुंबक वापरायचे, कोपऱ्याला एक असे चार. नोटीस लावली की दार बंद करून, कुलपासकट, मोबाइलवर फोटो काढायचा. फोटोवर तारीख-वेळ असते. 'मला फळ्यावर दिसलंच नाही' असं म्हणणारा दर दोन वर्षांनी एकदा भेटतो, तेव्हा हा फोटो उपयोगी पडतो. किल्ल्या दोन: एक क्लार्ककडे, दुसरी फळ्याच्या सगळ्यात जवळ राहणाऱ्या सदस्याकडे.

विषय लिहिण्याचीही रीत आहे. नुसतं 'बाक' लिहून भागत नाही. 'बसथांब्याजवळचा बाक दुरुस्त करणे किंवा बदलणे यावर विचार करून निर्णय घेणे व खर्चाची मर्यादा ठरवणे' असं लिहिलं की दुरुस्ती, नवा बाक आणि पैसे, तिन्ही दारं उघडी राहतात. 'किंवा बदलणे' हे दोन शब्द राहिले असते, तर नव्या बाकासाठी अजून एक महिना गेला असता.

त्याच्याही आधी क्लार्कला एक प्रश्न सोडवावा लागतो: हा खर्च करायचा अधिकार कोणत्या कायद्याने दिला? पॅरिश कौन्सिलला गावाच्या हिताचं वाटेल ते करता येत नाही. प्रत्येक पैशाला कलम लागतं. बाक आणि रस्त्याकडेच्या निवाऱ्याला १९५७ चा पॅरिश कौन्सिल कायदा, भाजीपाला लावायला भाड्याने देण्याच्या जमिनीला १९०८ चा, दफनभूमीला आणि मोकळ्या जागांना १९०६ चा, कचऱ्याच्या पेट्यांना १९८३ चा. कुठेच बसत नसेल तर १९७२ च्या कायद्याचं कलम १३७ असतं. त्याखाली गावातल्या काही किंवा सगळ्या रहिवाशांच्या फायद्यासाठी खर्च करता येतो, पण दर मतदारामागे मर्यादा आहे. २०२४-२५ ला ती १०.८१ पौंड होती. ६४० मतदारांवर ६,९१८.४० पौंड. त्याचा हिशोब वेगळा ठेवायचा. दोन-तृतीयांश सदस्य निवडणुकीतून आलेले असतील आणि क्लार्कने ठरलेली परीक्षा दिलेली असेल, तर २०११ च्या कायद्याने मिळालेला सर्वसाधारण अधिकार ठराव करून घेता येतो आणि ही कलमांची शोधाशोध बरीच कमी होते. आमच्याकडे तीन सदस्य स्वीकृत, म्हणून तो मार्ग बंद.

ऑक्टोबरची सभा. गावाच्या हॉलमध्ये, साडेसातला. (पबमध्ये भरवायची असेल तर दुसरी योग्य जागा फुकट किंवा वाजवी भाड्यात मिळत नाही असं दाखवावं लागतं, कायद्यातच आहे.) गणपूर्ती एक-तृतीयांश, पण तीनपेक्षा कमी नाही. सातांचं मंडळ, म्हणजे तीन. हे तिघं खोलीत सदेह हवेत. कोविडच्या काळात ऑनलाइन सभांना तात्पुरती मुभा होती. त्याच काळातली चेशायरमधल्या हँडफोर्थ पॅरिश कौन्सिलची सभा फेब्रुवारी २०२१ मध्ये जगभर पाहिली गेली, आणि भांडणाऱ्या सदस्यांना सभेबाहेर काढणाऱ्या जॅकी वीव्हर यांचं नाव घरोघरी गेलं. त्याच वर्षी ७ मेपासून ती मुभा संपली. आता लॅपटॉपच्या पडद्यावरून बोलता येईल, मत देता येणार नाही.

क्रम ठरलेला: गैरहजेरीची कारणं, हितसंबंधांची घोषणा, गावकऱ्यांचं बोलणं, मागचं इतिवृत्त, मग कामं. गावकऱ्यांना सभेत बसायचा हक्क १९६० च्या कायद्याचा आहे, बोलायचा नाही. बोलायला आमच्या स्थायी नियमांत सगळ्यांना मिळून पंधरा मिनिटं, एकाला तीन.

हितसंबंधाची घोषणा ही औपचारिकता समजून पुढे जाणाऱ्यांची फसगत होते. जोडीदाराचा धंदाही नोंदणीयोग्य हितसंबंधात येतो. बाकाखालचा चौथरा ओतायला ज्याचं दरपत्रक येण्यासारखं होतं, तो गवंडी एका सदस्याचा नवरा. त्या विषयाला तिने खोलीबाहेर जायचं, चर्चेत नाही, मतदानात नाही. जाणूनबुजून भाग घेतला तर तो फौजदारी गुन्हा आहे. त्या दिवशी तिघंच हजर असते आणि ती बाहेर गेली असती, तर गणपूर्ती तुटून विषय तिथेच पडला असता. असं होणार हे आधी दिसत असेल तर सदस्याने क्लार्ककडे लेखी अर्ज करून सवलत मागायची असते. सभा सुरू झाल्यावर आठवून उपयोग नसतो.

ठराव असा झाला: दुरुस्ती नको, नवा बाक, खर्चाची मर्यादा व्हॅट सोडून १,१०० पौंड, तीन दरपत्रकं मागवावीत, रस्त्याच्या मालकाची परवानगी घ्यावी. पाच बाजूने, एक विरोधात. विरोध बाकाला नव्हता. पुनर्वापर केलेल्या प्लॅस्टिकचा बाक गावाच्या जुन्या भागात शोभत नाही, असं म्हणणं होतं. इतिवृत्तात यातलं फक्त ठरावाचं वाक्य येतं. कोण काय म्हणालं, कोणाचा आवाज चढला, हे लिहायचं नसतं. लिहिलं की पुढच्या सभेची पहिली वीस मिनिटं 'मी असं म्हणालोच नव्हतो' यात जातात.

सभा संपल्यावरचा धोका म्हणजे मोबाइल. एखादं दरपत्रक मर्यादेपेक्षा चाळीस पौंडांनी जास्त आलं की सदस्यांच्या गटावर विचारणा होते आणि सातही जण अंगठा दाखवतात. तो निर्णय नव्हे. ई-मेलवर मत घेता येत नाही. अध्यक्षालाही एकट्याला काही ठरवता येत नाही. कायद्याने अधिकार सोपवता येतात ते समितीला, उपसमितीला किंवा अधिकाऱ्याला, म्हणजे क्लार्कला. 'अध्यक्ष हो म्हणाले' या आधारावर मागणी नोंदवणाऱ्या क्लार्कच्या डोक्यावर लेखापरीक्षणात ते बिल येतं. म्हणून ठरावातच थोडी मोकळीक ठेवायची: 'मर्यादेच्या दहा टक्क्यांपर्यंतचा फरक क्लार्कने मान्य करावा.'

दरपत्रकं मागताना तिघांनाही एकच वर्णन द्यावं लागतं, नाहीतर तुलना होत नाही. आमचं वर्णन असं होतं: लांबी १.५ मीटर, पाठ असलेला, दोन्ही बाजूंना हात, पुनर्वापर केलेलं प्लॅस्टिक, रंग तपकिरी, चौथऱ्यात बोल्टने ठोकता येईल असे पाय. हात हवेतच. बसथांब्यावर बसणारे बहुतेक सत्तरीपुढचे, आणि उठताना हाताला आधार लागतो. हे वर्णनात लिहिलं नाही तर स्वस्त दरपत्रक बिनहाताच्या बाकाचं येतं. शेवटी बाक ६४० पौंडांचा ठरला, अधिक १२८ व्हॅट. चौथरा आणि बसवणं ३८० पौंड, दुसऱ्या एका गवंड्याकडून. त्याची व्हॅटची नोंदणी नव्हती. व्हॅट सोडून एकूण १,०२०. मर्यादेत बसलं.

अडलं ते परवानगीपाशी. बाकाखालची हिरवळ गावाची वाटते, पण ती रस्त्याची कडा, आणि रस्ता काउंटीचा. इंग्लंडच्या बऱ्याच ग्रामीण भागात अशी तीन मजली रचना आहे. रस्ते, शाळा, वाचनालयं काउंटीकडे, कचरा, घरबांधणी, बांधकाम परवाने डिस्ट्रिक्टकडे, उरलेलं पॅरिशकडे. काही ठिकाणी वरचे दोन मजले एकत्र झालेत. १९५७ च्या कायद्यानेच बाकाला रस्त्याच्या मालकाची संमती लागते. अर्जाला नकाशा, बाकाचं चित्र आणि विम्याचा दाखला जोडायचा. आमच्या परवान्यात अट होती की बाकाची कुठलीही बाजू रस्त्याच्या कडेपासून ४५० मिलिमीटरच्या आत येता कामा नये, आणि खणण्याआधी पाणी, वीज, टेलिफोनच्या वाहिन्यांचे नकाशे मागवावेत. नोव्हेंबरात पाठवलेला अर्ज फेब्रुवारीच्या मध्याला मंजूर झाला. मधल्या काळात दर पंधरा दिवसांनी अर्जाचा क्रमांक विषयात लिहून आठवण पाठवायची. क्रमांक नसलेली आठवण नवीन पत्र म्हणून रांगेच्या शेवटी जाते.

रस्त्यातल्या खड्ड्यांचंही हेच. लोक ओरडतात आमच्याकडे, खड्डा काउंटीचा. क्लार्कचा वेळ वाचवणारा उपाय एकच: काउंटीच्या संकेतस्थळावरचा तक्रारीचा दुवा फळ्यावर कायम लावून ठेवणं. दहा जणांनी स्वतंत्र नोंदवलेला खड्डा लवकर भरला जातो असंही आढळलंय, पण ते आमचं निरीक्षण. नियम म्हणून सांगता येणार नाही.

तोवर डिसेंबर आला, आणि डिसेंबर म्हणजे अंदाजपत्रक. कौन्सिलचं मुख्य उत्पन्न म्हणजे प्रीसेप्ट: पुढच्या वर्षाला लागणारी रक्कम आपण डिस्ट्रिक्टला कळवायची आणि त्यांनी ती घरपट्टीबरोबर, म्हणजे कौन्सिल टॅक्सबरोबर, वसूल करून आपल्याला द्यायची. आपल्याकडे गावकीच्या वर्गणीचा आकडा घरटी किती येतो हे आधी पाहतात, तसंच इथेही. घरं किमतीनुसार पट्ट्यांत वाटलेली असतात. समजा, १८,००० पौंड हवेत आणि गावातली सगळी घरं 'ड' या मधल्या पट्ट्याच्या मापाने मोजली तर ४०० भरतात. १८,००० भागिले ४००, म्हणजे ४५ पौंड वर्षाला. हा आकडा 'ड' पट्ट्यातल्या घराचा. सगळ्यात खालच्या पट्ट्याला त्याच्या सहा-नवमांश, ३० पौंड. सगळ्यात वरच्याला दुप्पट, ९०. इंग्लंडमध्ये हे पट्टे १९९१ च्या घरांच्या किमतींवर ठरलेले आहेत.

यातली चूक नेहमीची आहे. ४०० हा आकडा दरवर्षी बदलतो. एकट्याने राहणाऱ्यांची सवलत, नवी घरं, रिकामी घरं, सगळं त्यात येतं. तो ३९० झाला तर तेच १८,००० मागूनही दर घरी ४६.१५ पडतात, आणि 'आम्ही काही वाढवलं नाही' असं गावपत्रिकेत छापून बसलेल्या कौन्सिलची पंचाईत होते. डिस्ट्रिक्टकडून नवा आकडा आल्याशिवाय टक्केवारी बोलायची नाही. कायद्याने मुदत फेब्रुवारीअखेरपर्यंत असली तरी डिस्ट्रिक्टला आपली बिलं छापायची असतात, म्हणून ते जानेवारीतच मागतात. आमची सभा जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी. बर्फामुळे ती रद्द झाली तर काय, याची तजवीज म्हणून आम्ही डिसेंबरातच ठराव करून ठेवतो. पैसे दोन हप्त्यांत येतात, एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये.

चालू वर्षाच्या देखभालीच्या खात्यात ३०० पौंडच उरले होते, म्हणून बाकाचे बाकीचे पैसे सर्वसाधारण गंगाजळीतून काढायचा वेगळा ठराव झाला. गंगाजळी किती असावी याचा प्रचलित दंडक म्हणजे तीन ते बारा महिन्यांचा निव्वळ खर्च. छोट्या कौन्सिलने बाराच्या जवळ राहावं, कारण एखादं मोठं झाड पाडावं लागलं की वर्षाचं गणित कोलमडतं.

हिवाळ्यात दुसरं मोठं काम असतं बांधकामाच्या अर्जांचं. परवानगी देतं डिस्ट्रिक्ट. पॅरिशला फक्त मत कळवता येतं, एकवीस दिवसांत. सभा महिन्यातून एकदा, त्यामुळे सभेच्या दुसऱ्या दिवशी आलेला अर्ज पुढच्या सभेआधीच मुदतबाह्य होतो. मार्ग तीन: मुदतवाढ मागणं, खास सभा लावणं (परत तीन पूर्ण दिवस), किंवा सदस्यांची मतं ऐकून उत्तर पाठवायचा अधिकार क्लार्कला आधीच देऊन ठेवणं. उत्तरात काय लिहिता यावर त्याचं वजन ठरतं. शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावणं, ऊन अडणं, गाड्या लावायला जागा, वळणावर न दिसणं, जुन्या इमारतींचा परिसर, पाण्याचा निचरा: हे मुद्दे अधिकाऱ्याला विचारात घ्यावे लागतात. आमच्या घराची किंमत पडेल, माझ्या खिडकीतून दिसणारी टेकडी झाकली जाईल, अर्जदार मागच्या वेळी खोटं बोलला होता: हे तीन मुद्दे सभेत सगळ्यात जोरात मांडले जातात आणि त्यांची किंमत शून्य. 'पॅरिश कौन्सिलचा विरोध आहे' एवढी एकच ओळ पाठवणं म्हणजे काहीच न पाठवण्यासारखं.

फेब्रुवारीत परवाना हातात आला आणि बाकाची मागणी गेली. ती कौन्सिलच्या नावाने, कौन्सिलच्या पत्त्यावर. हे ठासून सांगायचं कारण व्हॅट. पॅरिश कौन्सिलला बिगरव्यापारी कामावर भरलेला व्हॅट सरकारकडून परत मिळतो, पण बिल कौन्सिलच्या नावावर असेल तरच. उत्साही सदस्य शनिवारी दुकानात जाऊन स्वतःच्या नावावर रंग, ब्रश, खिळे आणतो आणि पावती देतो. त्याचे पैसे देता येतात, व्हॅट मात्र गेला. बाकाचे १२८ पौंड असेच गेले असते.

बाक मार्चअखेर आला. मालमोटारीच्या चालकाची जबाबदारी लाकडी पॅलेटसकट बाक रस्त्याच्या कडेला उतरवण्यापर्यंतच असते, हे अटींत बारीक अक्षरांत होतं. पन्नाससाठ किलोंचा बाक आत आणायला दोन माणसं आधीच सांगून ठेवावी लागली. चौथरा त्याआधी ओतून दोन आठवडे सुकू दिलेला. खाली १०० मिलिमीटर खडी, वर १०० मिलिमीटर काँक्रीट, आणि बाकाच्या पायांच्या बाहेर चहूबाजूंनी मोकळी पट्टी. ही पट्टी ठेवली नाही तर गवत कापणाऱ्याचं यंत्र पायाला घासतं, मग तो तारेचं यंत्र लावतो, आणि दोन हंगामांत पाय खरवडून निघतात. जुन्या बाकाचे लाकडी पाय बुडाशी कुजले ते असेच.

बिल ३१ मार्चच्या आत आलं, पैसे एप्रिलच्या सभेनंतर गेले. आमचा हिशोब रोख जमा-खर्चाचा, म्हणजे खर्च नव्या वर्षात पडला, मंजुरी जुन्या वर्षातली. म्हणून ३१ मार्चला १,०२० पौंड गंगाजळीत 'बाकासाठी राखीव' असं स्वतंत्र दाखवायचं. पैसे देण्याचीही पद्धत बदलली आहे. पूर्वी धनादेशावर दोन सदस्यांच्या सह्या कायद्यानेच लागायच्या. २०१४ ला ते कलम गेलं. आता क्लार्क बँकेच्या संकेतस्थळावर रक्कम भरतो आणि दोन सदस्य आपापल्या घरून मंजुरी देतात. नवा सदस्य त्यात घालायचा तर बँकेचे कागद तीन-तीन महिने फिरतात, म्हणून मंजुरीचे अधिकार चौघांना देऊन ठेवायचे. दोघंच ठेवलेत आणि एक सुट्टीवर गेला, की गवत कापणाऱ्याचं बिल अडकतं.

वर्षअखेरीचा वार्षिक अहवाल मोजक्याच पानांचा आहे पण त्यात पाय घसरायला जागा भरपूर. पहिला भाग कारभाराबद्दलच्या होकारांचा, दुसरा आकड्यांचा. सभेने पहिला आधी मंजूर करायचा, मग दुसरा, दोन वेगळे ठराव, हाच क्रम. उलटं केलं तर शेरा ठरलेला. दोन्ही ३० जूनच्या आत. जमा आणि खर्च दोन्ही २५,००० पौंडांच्या आत असतील तर बाहेरच्या लेखापरीक्षकाकडे पूर्ण अहवाल न पाठवता सूट घेता येते, पण त्याचं प्रमाणपत्र त्याच मुदतीत पाठवावं लागतं; अंतर्गत तपासणी तरीही हवीच. त्यानंतर तीस कामाचे दिवस कोणाही रहिवाशाला वह्या पाहता येतात, आणि त्या तिसांत जुलैचे पहिले दहा कामाचे दिवस यायलाच हवेत. मागच्या वर्षीपेक्षा एखादा आकडा पंधरा टक्क्यांहून जास्त हलला की कारण लिहायचं. 'देखभाल वाढली' हे कारण चालत नाही. 'बाक ६४०, चौथरा ३८०' असं आकड्यांत सांगावं लागतं.

मेच्या आसपास दोन सभा लागतात आणि त्यांची नावं इतकी जवळची की इंग्रजांचीही गल्लत होते. एक कौन्सिलची वार्षिक सभा, मे महिन्यातली; तिच्यात पहिलं काम अध्यक्षाची निवड, दुसरं काहीही त्याआधी नाही. दुसरी गावाची वार्षिक सभा, १ मार्च ते १ जूनच्या दरम्यान केव्हाही, संध्याकाळी सहाच्या आधी नाही. ही कौन्सिलची नाहीच, मतदारांची आहे. आपल्या ग्रामसभेची बहीण म्हणा, फक्त गणपूर्तीची रडारड कमी. कौन्सिलचा अध्यक्ष हजर असला तर तो चालवतो, पण मत प्रत्येक मतदाराला. तिथे झालेला ठराव कौन्सिलवर सहसा बंधनकारक नसतो, तरी त्याकडे काणाडोळा करणारं कौन्सिल पुढच्या निवडणुकीत ते भोगतं.

निवडणूक मात्र अनेक गावांत होतच नाही. जागा सात, अर्ज चार. उरलेल्या जागा स्वीकृतीने भरतात. मध्येच कोणी सोडून गेला तर आधी नोटीस लावायची, चौदा कामाचे दिवस थांबायचं, दहा मतदारांनी मागणी केली तर पोटनिवडणूक, नाही केली तर स्वीकृती. इथे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला ठाऊक नसलेली एक गोष्ट: भारतीय पासपोर्ट असला तरी राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून मतदारयादीत नाव घालता येतं, आणि कायमच्या वास्तव्याचा परवाना असेल तर उभंही राहता येतं. गावातच राहायला हवं असंही नाही. गेलं वर्षभर हद्दीपासून तीन मैलांच्या आत राहत असलात तरी चालतं. एकदा आलात की सलग सहा महिने सभा बुडवायची नाही. कौन्सिलने कारण मान्य केलं नसेल तर जागा आपोआप जाते.

बाकाचं शेवटचं काम मालमत्तेच्या वहीत. जुना बाक किती वर्षांपूर्वीचा ते कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून तो एक पौंड या नाममात्र किमतीला चढवलेला होता. ती ओळ छेदून शेजारी ठरावाचा क्रमांक आणि तारीख. नवा बाक खरेदीच्या किमतीला, ६४०. घसारा काढायचा नाही, पुढच्या वर्षीही ६४०च. विम्याच्या कंपनीला यादी पाठवताना मात्र बदलीची किंमत द्यायची, तीत चौथऱ्याचे ३८० धरायचे. जुन्या बाकावर पितळेची एक छोटी पट्टी होती, कोणाच्या तरी आठवणीची. ती काढून पुसून त्या घराकडे पाठवायची की नव्या बाकाला लावायची, हा जूनच्या पत्रिकेतला अकरावा विषय.

आणि देखभालीच्या कोष्टकात एक छोटी नोंद: बोल्ट सहा आठवड्यांनी पुन्हा आवळणे. प्लॅस्टिक उन्हाने फुगतं, थंडीने आकसतं, आणि पहिल्या उन्हाळ्यात चारपैकी एखादा सैल पडतोच. पाना १७ नंबरचा.